माहितीपत्रकातले 330 आणि तुमच्या धनुष्याचे 258

डोंबिवलीच्या एका तरुण तिरंदाजाचा प्रश्न आहे. त्यांनी नवा कंपाउंड बो, म्हणजे टोकांना चाकं आणि केबल असलेलं धनुष्य, घेतला. कंपनीच्या माहितीपत्रकात वेग 330 एफपीएस, म्हणजे सेकंदाला 330 फूट, असा छापला आहे. मित्राच्या क्रोनोग्राफवर (बाणाचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर) सहा बाण मोजले तेव्हा आकडे आले 258, 259, 255, 258, 255, 258. ड्रॉ वेट, म्हणजे ओढताना लागणारा जास्तीत जास्त जोर, 54 पाउंड; ड्रॉ लेंग्थ, म्हणजे स्ट्रिंग (दोरी) किती मागे ओढली जाते ते अंतर, 28 इंच; बाणाचं वजन 395 ग्रेन (25.6 ग्रॅम). धनुष्यात काही दोष आहे का? वेग वाढवायला बाण हलके घ्यावेत, लिंब बोल्ट (धनुष्याच्या लवचिक पात्या, म्हणजे लिंब, धरणारे बोल्ट) आवळावेत, की ड्रॉ लेंग्थ वाढवावी? आणि सध्याचे बाण धाकट्या बहिणीच्या 38 पाउंडांच्या धनुष्याला चालतील का?

धनुष्यात काहीही दोष नाही. तुमच्या सेटिंगला 258 हा आकडा अगदी बरोबर आहे, तो कसा ते हिशेबाने दाखवतो. पण तुम्ही पाठवलेल्या आकड्यांत मला खटकले ते मधले दोन 255. तुम्ही त्यांच्याबद्दल काही विचारलेलं नाही, तरी या उत्तराचा मोठा भाग मी त्यांच्यावरच खर्च करणार आहे.

आधी 330. हा वेग मोजायची एक ठरलेली रीत आहे: ड्रॉ वेट 70 पाउंड, ड्रॉ लेंग्थ 30 इंच, बाण 350 ग्रेनचा. त्यातून स्ट्रिंग जवळजवळ मोकळी असते, पीप (स्ट्रिंगमधली, डोळ्यासमोर येणारी छोटी कडी) वगैरे काही बसवलेलं नसतं. या आकड्याचा उपयोग दोन धनुष्यांची आपापसांत तुलना करायला होतो, आणि तेवढ्यापुरता तो प्रामाणिक आहे. तो तुमच्या हातात कधीच येणार नव्हता. वर्ल्ड आर्चरी या जागतिक संघटनेच्या नियमानुसार कंपाउंडचं कमाल ड्रॉ वेट 60 पाउंड आहे, त्यामुळे स्पर्धेत उतरणाऱ्याच्या दृष्टीने 70 पाउंडांची गोष्ट तिथेच संपली. 30 इंचांची ड्रॉ लेंग्थ तर आपल्याकडे चांगल्या उंच माणसालाच लागते.

आता तुमच्या 258पर्यंत कसं यायचं ते पाहा. ड्रॉ लेंग्थ एक इंच कमी झाली की ढोबळमानाने 10 एफपीएस जातात. तुमची दोन इंचांनी कमी, म्हणजे 20 गेले. बाण तोच ठेवून ड्रॉ वेट एक पाउंडाने उतरवलं की दोन एफपीएस, कधी त्याहून थोडे जास्तच जातात. तुमचे 16 पाउंड कमी, म्हणजे निदान 32. बाणाच्या वजनात दर तीन ग्रेनला एक एफपीएस धरतात. तुमचा बाण 45 ग्रेनने जड आहे, म्हणजे 15. पीप, डी-लूप (स्ट्रिंगवरचा ओढायचा फास) आणि स्ट्रिंगवरचं सर्व्हिंग (गुंडाळलेला धागा) मिळून पाचेक. 330मधून 20, 32, 15 आणि 5 वजा करा. उरले 258.

इतका तंतोतंत मेळ नेहमी बसत नाही. हे ठोकताळे आहेत आणि प्रत्येक कॅमचा, म्हणजे टोकावरच्या चाकाचा, स्वभाव थोडा वेगळा असतो. पण 330च्या जागी 258 दिसले म्हणून कोणी धनुष्य बदलायला सांगितलं, तर हा हिशेब त्याच्यापुढे ठेवा. ‘कंपनीने फसवलं’ असं म्हणत माझ्याकडे धनुष्य घेऊन येणाऱ्यांत बहुतेकांचा आकडा असाच वजाबाकी करून जुळतो.

आता बाणाचं वजन. धनुष्य ओढताना तुम्ही जे काम करता ते लिंबांमध्ये ऊर्जा होऊन साठतं. किती साठेल हे ड्रॉ वेट, ड्रॉ लेंग्थ आणि कॅमचा आकार या तिघांवर ठरतं. बाणाचा त्यात काही हात नाही. त्या साठ्यातला किती भाग बाण उचलून नेतो, एवढंच बाणाच्या वजनावर अवलंबून असतं. तुमचा 395 ग्रेनचा बाण 258ने जातो तेव्हा त्याच्यात साधारण 58 फूट-पाउंड, म्हणजे 79 ज्यूल ऊर्जा असते. उद्या तुम्ही 360 ग्रेनचा बाण लावलात तर वेग 269च्या आसपास जाईल, पण बाणातली ऊर्जा जवळपास तितकीच राहील, किंचित कमीच भरेल. म्हणजे हलक्या बाणाने धनुष्य ताकदवान होत नाही. बाणाने न उचललेली ऊर्जा लिंब, स्ट्रिंग आणि केबलमध्ये मागे राहते. हाताला झटका बसतो, आवाज वाढतो तो तिच्यामुळे.

म्हणूनच हलकेपणाला खालची मर्यादा आहे. बहुतेक कंपन्या दर पाउंड ड्रॉ वेटमागे किमान 5 ग्रेन सांगतात. तुमच्या 54 पाउंडांना तो हिशेब 270 ग्रेनवर येतो. त्याच्या खाली गेलात की धनुष्य अर्धवट ड्राय फायर होत असतं. ड्राय फायर म्हणजे बाण न लावता स्ट्रिंग सोडणं. त्यात कॅम वाकतो, स्ट्रिंग उडते, लिंबाला चीर जाते आणि तुकडा डोळ्यात जाऊ शकतो. तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेत 5पेक्षा मोठा आकडा दिला असेल तर तोच पाळा. माझं मत विचाराल तर लक्ष्यवेधासाठी पाउंडामागे 6 ते 7 ग्रेनचा बाण सगळ्यात सुखाचा. तुम्ही आत्ता सव्वासातच्या जरा वर आहात, म्हणजे थोडे जड बाजूला, पण चुकीचे मुळीच नाही.

एक इशारा. यूट्यूबवर बाणाच्या वजनाबद्दल जे व्हिडिओ सापडतात त्यातले बरेचसे अमेरिकन शिकाऱ्यांचे असतात. जड बाण खोल घुसतो म्हणून ते 450, 500 ग्रेनचा सल्ला देतात. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा 1972पासून आहे, आणि आपला बाण फोमच्या बटात, म्हणजे लक्ष्याच्या ठोकळ्यात, घुसायचा आहे. तो सल्ला आपल्या कामाचा नाही.

आता त्या दोन 255कडे येतो.

कंपाउंडची मैदानी स्पर्धा 50 मीटरवर होते. अंतर ठरलेलं असतं, सगळ्यांना तेच. बाण किती खाली पडतो हे महत्त्वाचं नाही, कारण तेवढी साइट (धनुष्यावरचं नेम धरायचं साधन) खाली घेतली की काम झालं. 258 एफपीएस म्हणजे सेकंदाला साधारण 78.6 मीटर. हवेचा अडथळा सोडून दिला तर 50 मीटर जायला 0.64 सेकंद लागतात, आणि तेवढ्या वेळात बाण जवळजवळ दोन मीटर खाली येतो. बाण 280ने गेला तर 0.59 सेकंद आणि 1.7 मीटर. साइट एकदा लावली की दोन्ही बाण मधल्या पिवळ्या भागातच जातात.

फरक पडतो तो एका बाणाचा वेग दुसऱ्यापेक्षा वेगळा असला की. 258च्या आसपास एक एफपीएस इकडेतिकडे झाला तर 50 मीटरवर बाण सुमारे दीड सेंटिमीटर वरखाली लागतो. 80 सेंटिमीटरच्या फेसवर, म्हणजे लक्ष्याच्या कागदावर, दहाचं वर्तुळ 8 सेंटिमीटर व्यासाचं आणि पुढचं प्रत्येक वलय 4 सेंटिमीटर रुंद. तुमचे 258 आणि 255 यांत तीनचा फरक आहे, म्हणजे साडेचार सेंटिमीटर. तुमचा नेम, रिलीज (स्ट्रिंग सोडणं), श्वास सगळं बिनचूक असलं आणि बाण बरोबर मध्यावर जायला हवा होता, तरी तो नवात जाणार. जो बाण मुळातच दहाच्या खालच्या अर्ध्यात जाणार होता तो नवात किंवा थेट आठात. तुम्ही मात्र घरी जाऊन आपला रिलीज कसा बिघडला याचा विचार करत बसणार.

2023 साली बर्लिनच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत साताऱ्याच्या अदिती स्वामीने अंतिम फेरीत 150 पैकी 149 आणि नागपूरच्या ओजस देवतळेने 150 पैकी 150 गुण घेऊन सुवर्णपदक मिळवलं. ओजसचे पंधराच्या पंधरा बाण 8 सेंटिमीटरच्या वर्तुळात होते. 60 पाउंडांची मर्यादा दोघांनाही तीच. इतके बाण एका जागी जातात ते प्रत्येक बाण आधीच्या बाणाच्याच वेगाने गेल्यामुळे. माझ्याकडे येणाऱ्या नव्या मुलांना मी क्रोनोग्राफवर सगळ्यात मोठा आकडा कधीच विचारत नाही. सगळ्यात मोठा आणि सगळ्यात छोटा यांच्यातलं अंतर किती, एवढंच विचारतो.

हे तीन एफपीएस जातात कुठे ते शोधायची पद्धत सोपी आहे. बाणांवर मार्करने क्रमांक टाका. मग एकच बाण परत परत क्रोनोग्राफमधून सोडा, निदान सहा वेळा, आणि प्रत्येक आकडा लिहून ठेवा. तोच बाण कधी 258, कधी 255 दाखवत असेल तर गडबड तुमच्यात, धनुष्यात किंवा क्रोनोग्राफमध्ये आहे. तो बाण दरवेळी 258 आणि दुसरा एखादा दरवेळी 255 दाखवत असेल तर गडबड त्या दुसऱ्या बाणात आहे.

बाणात असेल तर तो वजनकाट्यावर ठेवा. खास आर्चरीचा महागडा ग्रेन स्केल घ्यायची गरज नाही. झवेरी बाजारात सोनारी कामाचे खिशात मावणारे डिजिटल काटे मिळतात, 0.01 ग्रॅमपर्यंत दाखवणारे. एक ग्रॅम म्हणजे 15.43 ग्रेन, त्यामुळे तुमचा बाण 25.6 ग्रॅमच्या आसपास भरला पाहिजे. संपूर्ण संचात 2 ग्रेनच्या वर, म्हणजे 0.13 ग्रॅमच्या वर फरक दिसला तर का ते शोधा. तीन एफपीएससाठी नऊ-दहा ग्रेनचा फरक लागतो. तो बहुतेकदा एकाच जागी सापडतो, पॉइंटमध्ये, म्हणजे बाणाच्या टोकात. लक्ष्यवेधाच्या बाणांचे पुष्कळसे पॉइंट ब्रेक-ऑफ जातीचे असतात. मागच्या शेपटीचा एकेक तुकडा पक्कडने मोडला की 120चा 110 होतो, 110चा 100. दुकानात किंवा आधीच्या मालकाने दहा बाणांचे तुकडे मोडले आणि दोघांचे राहिले, किंवा उलट झालं, तर बाहेरून कुणालाच कळत नाही. पॉइंट बसला की शेपूट शाफ्टच्या, म्हणजे बाणाच्या दांडीच्या, आत जाते. कळतं ते फक्त काट्यावर.

बाण सगळे सारखे निघाले तर पुढचा संशय क्रोनोग्राफवर घ्या. साधे क्रोनोग्राफ प्रकाशावर चालतात. वरून जाणाऱ्या बाणाची सावली दोन सेन्सरवर पडायला किती वेळ लागला ते ते मोजतात. हॉलमधल्या ट्यूबलाइटचा प्रकाश डोळ्याला स्थिर दिसला तरी लुकलुकत असतो, आणि आकडे उड्या मारायला तेवढं पुरतं. शक्यतो दिवसाउजेडी, सावलीत मोजा. बाण दोन्ही सेन्सरच्या वरून एकाच उंचीवरून आणि सरळ गेला पाहिजे, तिरका गेला तर वेग चुकीचा दाखवणार.

आणि मग उरता तुम्ही स्वतः. पूर्ण ड्रॉ झाल्यावर कंपाउंडमध्ये मागे एक भिंत लागते, कॅमचे स्टॉप टेकतात तिथे. नेम धरताना पाठीचे स्नायू सैल पडले की स्ट्रिंग त्या भिंतीपासून नकळत पुढे सरकते. याला क्रीप म्हणतात. पुष्कळ लोक हिशेब करतात की इंचाला 10 एफपीएस, मग अर्ध्या इंचाला 5. तसं होत नाही. इंचाला 10 हा हिशेब ड्रॉ लेंग्थचं सेटिंग बदलण्याचा आहे, त्यात जोराच्या टप्प्याची लांबी वाढते. क्रीपमध्ये तुम्ही फक्त शेवटचा हलका टप्पा गमावता, जिथे लेट-ऑफमुळे, म्हणजे शेवटी ओढ उतरत असल्याने, हातावर दहा-पंधरा पाउंडच असतात. म्हणून अर्ध्या इंचाच्या क्रीपला दोनेक एफपीएस जातात. पण नुकसान तेवढ्यावर थांबत नाही. कॅम पूर्ण टेकलेले नसताना बाण सुटला तर नॉकचा (बाणाच्या मागच्या खाचेचा) प्रवास दरवेळी वेगळा होतो, आणि क्रोनोग्राफ ते दाखवत नाही.

दुसऱ्या कोणाला तरी बाजूला उभं करा. पूर्ण ड्रॉला बाणाचा जो भाग रेस्टवर (बाण टेकवायच्या आधारावर) येतो तिथे शाफ्टवर बारीक रेघ मारा, आणि नेम धरलेला असताना ती रेघ पुढे सरकते का ते त्याला मोबाइलवर टिपायला सांगा. हे पाहिल्याशिवाय कोणाचाही विश्वास बसत नाही. आपण मागे ओढूनच धरलं होतं असं प्रत्येकाला वाटत असतं. यावर एक साधा उपाय पुष्कळांना लागू पडतो: लेट-ऑफ कमी करणं. 54 पाउंडांवर 80 टक्के लेट-ऑफ असेल तर नेम धरताना हातात जेमतेम 11 पाउंड राहतात, आणि एवढ्या थोड्या वजनावर माणूस आळसावतो. 65 टक्के केलं तर 19 पाउंड राहतात. पाठ आपोआप जागी राहते, पिन (साइटमधला नेमाचा ठिपका) कमी हलते, आणि साठलेली ऊर्जा थोडी वाढल्याने एक-दोन एफपीएस फुकट मिळतात. पुष्कळ नव्या धनुष्यांत मॉड्यूल (कॅमवरचा सेटिंगचा भाग) किंवा स्टॉपची जागा बदलून हे करता येतं. सगळ्यांना ते सोसत नाही. खांद्याचा जुना त्रास असेल तर करू नका.

शर्टाची बाही, चेस्ट गार्ड आणि गाल यांच्याकडेही लक्ष ठेवा. स्ट्रिंग सुटताना बाहीला नुसती चाटून गेली तरी वेग पडतो. पावसाळ्यात मैदानावर विंडचीटर घालून उभे राहिलात की हा प्रकार हमखास होतो.

वेग वाढवायचाच असेल तर तुमच्या तीन पर्यायांतला एक मी सरळ बाद करतो: ड्रॉ लेंग्थ वाढवू नका. इंचाला 10 एफपीएसचा मोह मोठा असतो, मॉड्यूल फिरवायला दोन मिनिटंही लागत नाहीत, आणि एका बैठकीत 268 दिसतात. पण ड्रॉ लेंग्थ ही तुमच्या हाडांची लांबी आहे. ती गरजेपेक्षा जास्त झाली की रिलीजचा हात जबड्याखालून कानामागे जातो, कमरेतून माणूस मागे रेलतो, धनुष्याच्या हाताचा कोपर आत वळतो आणि स्ट्रिंग मनगटाजवळ फटका मारते. मग समोरची पिन शांत राहतच नाही. दोन्ही हात आडवे पसरून मधल्या बोटांच्या टोकांमधलं अंतर इंचात मोजा आणि अडीचने भागा. तुमचं उत्तर 28च्या जवळ आलं तर आहे ते सोडू नका. 27 आलं तर उलट कमी करून पाहा. 10 एफपीएस जातील आणि गुण बहुधा वाढतील.

ड्रॉ वेट वाढवायला जागा आहे. धनुष्य 60 पाउंडांच्या लिंबांचं असेल तर लिंब बोल्टच्या एका पूर्ण फेऱ्यात साधारण दोन ते तीन पाउंडांचा फरक पडतो. आधी दोन्ही बोल्ट पूर्ण आवळून घ्या, मग तिथून मोजत सैल करा. वरचा आणि खालचा, दोन्हींना फेरे सारखेच द्या, अर्धा अर्धा फेरा आळीपाळीने. बोल्टच्या डोक्यावर पांढऱ्या मार्करचा ठिपका दिला तर चूक होत नाही. किती फेऱ्यांपर्यंत सैल करता येतो ते पुस्तिकेत दिलेलं असतं, त्याच्या पलीकडे बोल्टला धरायला पुरेसे आटे उरत नाहीत. बोल्टाला लॉक स्क्रू असेल तर तो आधी ढिला करायला विसरू नका.

पण किती पाउंड घ्यायचे हे तुमच्या खांद्याला विचारा. परीक्षा साधी आहे: खुर्चीत बसून, धनुष्य लक्ष्याच्या रेषेत ठेवून, आभाळाकडे न रोखता ओढता आलं पाहिजे, आणि शेवटच्या फेरीच्या शेवटच्या बाणालाही तसंच. पात्रता फेरीत 72 बाण असतात, सराव वेगळा. एका वेळी एक-दोन पाउंडच वाढवा आणि त्यावर काही आठवडे काढा. 54चे 58 केलेत तर आठेक एफपीएस मिळतील. 60च्या अगदी टोकाला मात्र जाऊ नका. 60 लिहिलेली लिंबं पूर्ण आवळल्यावर 61, 62 भरतात हे बऱ्याच धनुष्यांत दिसतं, आणि स्पर्धेच्या साहित्य तपासणीत तुम्ही तिथेच अडकता. बॅगा तोलायचा हुकवाला डिजिटल काटा घरी असेल तर डी-लूपला अडकवून हळूहळू ओढा. जो सगळ्यात मोठा आकडा दिसेल तेच तुमचं खरं ड्रॉ वेट.

नव्या बाणांचा संच घ्यायची वेळ येईल तेव्हा 355 ते 365 ग्रेनच्या दरम्यान ठेवा. 58 पाउंड आणि 360 ग्रेन, म्हणजे पाउंडामागे 6.2. वेग 277च्या आसपास जाईल, आणि एका एफपीएसची चूक दीड सेंटिमीटरऐवजी सव्वा सेंटिमीटरची होईल. वेग वाढवण्याचा खरा फायदा तो हाच. मात्र हलकं करताना वजन शाफ्टमधून काढा. नुसता पॉइंट हलका केला तर बाणाचं नाक हलकं होतं आणि वाऱ्यात तो भरकटतो. दुपारी समुद्रावरून वारा सुटला की आपल्या मोकळ्या मैदानांवर हे लगेच दिसतं. बारीक शाफ्ट आणि 100-120 ग्रेनचा पॉइंट असलेला बाण थोडा हळू गेला तरी वाऱ्यात जाड, हलक्या बाणापेक्षा कमी सरकतो.

आणि यातलं काहीही बदललं की स्पाइन परत तपासायचं. स्पाइन म्हणजे शाफ्ट किती वाकतो त्याचं माप. 28 इंचांवर दोन टेकूंवर शाफ्ट ठेवून मध्यावर 1.94 पाउंड टांगले आणि तो 0.400 इंच वाकला तर तो 400चा. ड्रॉ वेट वाढवलं की तोच बाण जास्त वाकतो, पॉइंट जड केला तरी जास्त वाकतो. 54वर, चाचणीसाठी समोर ताणलेल्या कागदातून गोल भोक पाडणारा बाण 58वर बाजूला फाडायला लागला तर रेस्ट सरकवत बसण्याआधी कंपनीचा स्पाइनचा तक्ता उघडा.

मुंबईच्या हवेबद्दल थोडं. मे महिन्यात बंद गाडीच्या डिकीत धनुष्य ठेवू नका. उष्णतेने स्ट्रिंग आणि केबल ताणल्या जातात, कॅमचं टायमिंग सरकतं, पीप फिरतो, आणि ड्रॉ वेट व ड्रॉ लेंग्थ दोन्ही तुम्हाला न विचारता बदलतात. पॉइंट हॉट मेल्टने चिकटवलेले असतील तर तेही सुटतात. पावसात स्ट्रिंगच्या धाग्यांत पाणी राहतं, स्ट्रिंग जड होते आणि बाण खाली जायला लागतात. मेण नियमित चोळा. लोकलच्या गर्दीतून आणलेल्या केसमधून धनुष्य काढलं की पहिला बाण लावण्याआधी कॅमवरच्या खुणा, केबल आणि साइटचे स्क्रू एकदा नजरेखालून घाला. कॅमच्या खुणा आणि लिंब बोल्टच्या ठिपक्यांचा फोटो मोबाइलमध्ये ठेवलात तर वेग अचानक पडला की काय हललं ते दोन मिनिटांत कळतं.

राहिला बहिणीचा प्रश्न. तुमचे बाण तिला देऊ नका. तुमच्या सेटिंगला 400च्या आसपासचं स्पाइन असणार, आणि 38 पाउंडांना ते फार ताठ पडतं. तिला 600-700च्या पट्ट्यातलं लागेल. नेमकं किती ते तिची ड्रॉ लेंग्थ मोजून तक्त्यावर पाहा. वजनाचीही अडचण आहे. 395 ग्रेनचा बाण तिच्या धनुष्यातून 200च्या आसपासच जाईल, म्हणजे 50 मीटरवर तीन मीटरहून जास्त खाली येईल. तेवढं भरून काढायला साइट इतकी खाली घ्यावी लागते की स्कोप (साइटच्या टोकाचं भिंग) बाणाच्या वाटेच्या अगदी जवळ येतो. चेहरा लहान असेल, पीप आणि बाण यांच्यात अंतर कमी असेल तर पंख स्कोपला घासायला लागतात, आणि बाण मधूनच कुठेतरी का भरकटतो ते कोणाला कळत नाही. कमी पाउंडांच्या मुलामुलींना वेगाची खरी गरज असते ती इथे. तिला 280-300 ग्रेनचे बाण घ्या. पाउंडामागे साधारण साडेसात-आठ ग्रेन पडतील, धनुष्यही सुरक्षित राहील. तरीही स्कोप खाली येत असेल तर साइटची दांडी थोडी आत घ्या. नवे बाण येईपर्यंत तिचा सराव 18-20 मीटरवर चालू द्या.